स्तनपुनर्रचना यशस्वी झाली, हे ठरवायचं कुणी?

कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर तो पुन्हा घडवायची जी शस्त्रक्रिया करतात, तिचं यश आजही बहुतेक ठिकाणी फोटोवरून ठरतं. दोन्ही बाजू एकसारख्या दिसतात का, व्रण किती ठळक आहे, कपड्यांत आकार नीट बसतो का, एवढं पाहून फाइलमध्ये 'निकाल चांगला' अशी नोंद होते. ती नोंद खोटी नसते. पण त्या बाईला कुशीवर झोपता येतं का, वरच्या कपाटातली वस्तू काढताना छातीत ओढ बसते का, लेकरानं मिठी मारली तर ती तिला जाणवते का, या एका आकारासाठी तिला किती वेळा ऑपरेशन टेबलवर झोपावं लागलं, यातलं काहीच फोटोत येत नाही. माझं म्हणणं असं, की स्तनपुनर्रचनेचा निकाल त्या बाईला विचारून, तोही वर्ष-दोन वर्षं उलटल्यावर लिहिला गेला पाहिजे. आणि आधीच्या बायकांनी दिलेली उत्तरं पुढच्या बाईसमोर, तिनं संमतीपत्रावर सही करण्याआधी, आकड्यांसकट ठेवली गेली पाहिजेत.

या विषयावर घरात आणि दवाखान्यात दोन तऱ्हेचे सल्ले ऐकू येतात. पहिला, "जीव वाचला ना, मग आता हे कशाला?" तो बहुतेक वेळा मायेपोटीच दिलेला असतो, पण त्यात पुनर्रचना म्हणजे हौस हे गृहीत धरलेलं असतं. दुसरा सल्ला नेमका उलटा, "करूनच टाक, पहिल्यासारखी होशील." हाही मायेनंच दिलेला. दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी त्या बाईच्या शरीराचा निकाल तिच्या वतीनं आधीच लावून टाकलेला असतो.

हौसेचा मुद्दा आधी संपवू. १८९४च्या सुमाराला विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकन सर्जननी जी मूलगामी मॅस्टेक्टॉमी (स्तन काढण्याची शस्त्रक्रिया) रूढ केली, तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढल्या जात. त्या काळात आणि पुढेही बरीच वर्षं पुनर्रचनेकडे संशयानं पाहिलं गेलं. नव्या स्तनाखाली कॅन्सर परत आला तर तो लपून राहील, अशी भीती होती. ती भीती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. योग्य रुग्णांमध्ये पुनर्रचनेमुळे कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढत नाही आणि तो उलटला तर सापडायला सहसा उशीरही होत नाही. अमेरिकेनं १९९८ साली कायदा करून सांगितलं, की विमा कंपनी मॅस्टेक्टॉमीचा खर्च देत असेल तर तिनं पुनर्रचनेचा, दुसरी बाजू जुळवून घेण्याच्या शस्त्रक्रियेचा, बाहेरून लावायच्या कृत्रिम स्तनाचा आणि पुढच्या गुंतागुंतीवरच्या उपचाराचाही खर्च द्यायचा. पुनर्रचना हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे, ही भूमिका मला शंभर टक्के मान्य आहे. पण एकदा तिला उपचार म्हटलं, की तिची परीक्षाही उपचारासारखीच झाली पाहिजे. कोणत्याही औषधाबद्दल आपण विचारतो, किती जणांना गुण आला, किती जणांना त्रास झाला, तो किती दिवस राहिला. हेच प्रश्न इथे विचारले की मात्र संकोच वाटतो, जणू आपण कृतघ्नपणा करतोय.

आणखी एक गोष्ट या सगळ्याच्या आधी येते. अमेरिका आणि इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. लहान गाठीच्या कॅन्सरमध्ये गाठीपुरताच भाग काढून रेडिएशन दिलं, तरी जगण्याचं प्रमाण पूर्ण स्तन काढलेल्या बायकांइतकंच राहतं, हे त्यातून पक्कं झालं. ज्यांना हा मार्ग खुला आहे त्यांच्यापुढे पुनर्रचनेचा विषय आधी निघणं म्हणजे दुसरं पान आधी वाचणं. 'सगळंच काढू आणि नवीन बनवू' हे ऐकायला सोपं वाटतं. पुढचे आकडे पाहिले म्हणजे ते किती सोपं आहे ते कळतं.

हे आकडे अंदाजपंचे नाहीत. अमेरिका आणि कॅनडातल्या ११ केंद्रांनी एकत्र येऊन शस्त्रक्रियेआधीपासून दोन वर्षांपर्यंत बायकांचा पाठपुरावा केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात २,३४३ जणी होत्या. दोन वर्षांत ३२.९ टक्के जणींना काही ना काही गुंतागुंत झाली. १९.३ टक्के जणींना त्या गुंतागुंतीमुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. जखमेत जंतुसंसर्ग झाला ९.८ टक्क्यांना. म्हणजे ढोबळमानानं तिघींत एकीला त्रास, आणि पाचांत एकीला पुन्हा ऑपरेशन. शिवाय ही नावाजलेली, रोज हेच काम करणारी केंद्रं होती. गुंतागुंत म्हणजे प्रत्येक वेळी मोठं संकट असतं असं नाही. त्यात आपोआप जिरणारी सूजही आली आणि कडेची कातडी काळी पडणंही आलं. तरीही तिघींत एक हे प्रमाण कुणालाही आधी कळायलाच हवं असं आहे.

यातली एक वाट इम्प्लांटची, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम स्तनाची. पुष्कळदा ती दोन टप्प्यांत होते. स्तन काढताना आत एक्सपांडर, म्हणजे जवळजवळ रिकामी पिशवी ठेवतात. जखम भरली की दर आठवड्या-दोन आठवड्यांनी ओपीडीत जायचं. कातडीखाली पिशवीची झडप कुठे आहे ते छोट्या चुंबकानं शोधतात, तिथे सुई टोचून सलाईन भरतात. दर खेपेला थोडं. त्या रात्री छाती आवळल्यासारखी वाटते, एक-दोन दिवस खोल श्वास घ्यायलाही जड जातं. मग ओढ सैल पडते आणि पुढच्या खेपेची तारीख येते. पुरेशी जागा झाली की दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पिशवी काढून कायमचा इम्प्लांट बसवतात. पहिल्या ऑपरेशननंतरचे काही दिवस ड्रेनचे. बाजूनं नळी बाहेर आलेली, तिच्या टोकाला रबरी फुगा, तो दिवसातून दोनदा रिकामा करून किती मिलिलिटर निघालं ते वहीत लिहायचं. कुणाच्या गाऊनच्या आतल्या बाजूला पिन लावून तो अडकवलेला असतो. 'दोन टप्प्यांची प्रक्रिया' या तीन शब्दांत हे सगळं मावलेलं असतं, आणि समुपदेशनात बायकांच्या कानावर बहुतेक तेवढे तीन शब्दच पडतात.

मग हे सगळं एकाच टप्प्यात का उरकत नाहीत, असं वाटणं साहजिक आहे. नेदरलँड्समध्ये नेमकी हीच तुलना झाली. प्राण्याच्या कातडीपासून बनवलेल्या जाळीचा आधार देऊन एकाच वेळी इम्प्लांट बसवणं एका बाजूला, नेहमीची दोन टप्प्यांची पद्धत दुसऱ्या बाजूला, आणि कुणाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. एका टप्प्यातल्या ३७ टक्के बायकांना पुन्हा ऑपरेशन लागलं, दोन टप्प्यांतल्या १५ टक्क्यांना. एक ऑपरेशन वाचवण्याच्या हेतूनं निवडलेली पद्धत त्या चाचणीत उलटी पडली. तंत्रं सुधारत असतात, त्यामुळे एका चाचणीवरून ती पद्धत कायमची मोडीत काढावी असं मी म्हणत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तुलना केली म्हणून हे कळलं. या क्षेत्रात अशा चाचण्या फार कमी आहेत.

दुसरी वाट स्वतःच्याच शरीरातल्या मांसाची. पूर्वी पोटाचा स्नायूच वळवून वर आणत, ही पद्धत १९८२ मध्ये कार्ल हार्ट्राम्फ यांनी मांडली. तिच्यात पोटाची भिंत दुबळी व्हायची. १९९०च्या दशकात स्नायू जागेवर ठेवून ओटीपोटावरची कातडी आणि चरबी फक्त तिच्या रक्तवाहिन्यांसह उचलायची पद्धत रुळली, तिला डीप फ्लॅप म्हणतात. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली छातीतल्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या. ऑपरेशन कित्येक तास चालतं. पहिल्या रात्री नर्स तासातासाला येते, फ्लॅपचा, म्हणजे वर आणलेल्या त्या मांसाचा, रंग पाहते, हात लावून ऊब पाहते, बोटानं दाबून सोडते आणि कातडी परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजते, डॉप्लरचं टोक ठेवून रक्ताचा सूं सूं आवाज ऐकते. आवाज मंदावला तर मध्यरात्रीसुद्धा थिएटर उघडावं लागतं, कारण गुठळी झाली तर हाताशी थोडेच तास असतात. अनुभवी हातांत पूर्ण फ्लॅप वाया जाण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन असतं. पण ज्या बाईचा जातो तिच्या पोटावर आडवा व्रण राहतो आणि छातीवर काहीच राहत नाही.

या दोन वाटांची तुलना त्या ११ केंद्रांच्या अभ्यासात झाली, आणि मला ती सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. एकूण गुंतागुंत पाहिली तर फ्लॅपवाल्यांना जास्त. घडवलेला स्तन पूर्णपणे गमावण्याची वेळ मात्र इम्प्लांटवाल्यांवर जास्त आली. आणि दोन वर्षांनी बायकांना विचारलं तेव्हा स्तनाबद्दलचं समाधान, मनाची उभारी, लैंगिक आयुष्य या तिन्हींत फ्लॅपवाल्या पुढे होत्या. पोटाची ताकद आणि त्रास याबाबत त्या शस्त्रक्रियेआधीच्या पातळीवर परत आल्या नव्हत्या. नुसती गुंतागुंत मोजली असती तर इम्प्लांट जिंकला असता. नुसतं समाधान मोजलं असतं तर पोटाचं दुखणं हिशेबातून निसटलं असतं. अर्थात कोणी कोणती वाट धरली हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं, बायकांनी आणि सर्जननी निवडलं होतं, त्यामुळे फरकाचं सगळं श्रेय शस्त्रक्रियेला देता येत नाही. पण निवड करताना याहून चांगला आधारही हाताशी नाही.

हे विचारता आलं ते ब्रेस्ट-क्यू या प्रश्नावलीमुळे. अँड्रिया पुसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००९ मध्ये मांडली. तिचे प्रश्न रुग्णांच्या मुलाखतींतून आले: कपडे घालताना आरशात कसं वाटतं, छातीत घट्टपणा वाटतो का, झोप लागते का, आधी मिळालेली माहिती पुरेशी होती का. उत्तरांचे शून्य ते शंभर असे गुण होतात. म्हणजे बाईचा अनुभव मोजता येत नाही ही सबब संपून आता बराच काळ लोटला. तरीही कित्येक रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर हा कागद कुणाच्या हातात पडत नाही. वेळ नाही, माणसं नाहीत, हे मी समजू शकते. पण फोटो काढायला वेळ मिळतो.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो रेडिएशननं, आणि तोच पुष्कळदा शेवटी सांगितला जातो. रेडिएशन दिलेली कातडी आणि स्नायू ताठर होतात, इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळत जातं, स्तन दगडासारखा कडक आणि वर ओढलेला होतो. त्याच ११ केंद्रांच्या माहितीत, रेडिएशन झालेल्या इम्प्लांटवाल्या बायकांपैकी १८.७ टक्के जणींची पुनर्रचना दोन वर्षांत फसली. रेडिएशन झालेल्या फ्लॅपवाल्यांत हे प्रमाण १ टक्का होतं. रेडिएशन न झालेल्या इम्प्लांटवाल्यांत ३.७. एवढी दरी असल्यावर रेडिएशन लागणार की नाही या प्रश्नाचं उत्तर, निदान अंदाज तरी, पुनर्रचनेचं ठरवण्याआधी टेबलावर असायला हवा. त्यासाठी कॅन्सर सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन यांनी एकत्र बसायला हवं. ते बसत नाहीत तिथे बाई एका दारातून दुसऱ्या दारात जाते आणि प्रत्येक दारात तिला आपापल्या भागापुरतं खरं असलेलं उत्तर मिळतं. एकीनं मला सांगितलं होतं, की तिला तिघांनीही नीट समजावलं, फक्त तिघांचं मिळून काय होतं ते कुणीच सांगितलं नाही. तिचा इम्प्लांट रेडिएशननंतर काढावा लागला.

स्पर्शाबद्दल तर बोलणंच होत नाही. स्तन काढताना कातडीला संवेदना देणाऱ्या नसा तुटतात. वर घडवलेला आकार कितीही सुबक असला तरी त्यावरची कातडी बऱ्याच अंशी बधिर राहते. फ्लॅपमध्ये काही वर्षांत थोडी जाणीव परतू शकते, इम्प्लांटवर त्याहून कमी. स्तनाग्र वाचवलं असलं तरी त्याची संवेदना बहुतेकदा जाते. नस जोडून ती परत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण ते अजून सगळीकडे होत नाहीत. याचा रोजच्या आयुष्यातला अर्थ असा, की पाठ किंवा पोट शेकायला घेतलेली गरम पाण्याची पिशवी छातीला टेकली तर बाईला कळत नाही आणि भाजतं. वैद्यकीय साहित्यात अशा भाजण्याच्या नोंदी आहेत. टाके काढायच्या दिवशी जिला कुणी 'छातीला शेक देऊ नका, चटका कळणार नाही' एवढं वाक्य सांगितलं नाही, ती पुढे भाजली तर तो दोष तिचा नाही. आणि लैंगिक आयुष्याचं काय? ज्या भागात सुख होतं तो आता दिसतो पण लागत नाही, हे आधी माहीत असणं आणि नंतर एकटीनं शोधून काढणं यांत फार अंतर आहे. संकोच वाटतो म्हणून डॉक्टर बोलत नाहीत आणि बाई विचारत नाही. यात सुरुवात डॉक्टरांनी करायची असते. विचारण्याचा भार रुग्णावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

इम्प्लांटबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: तो जन्मभराचा नसतो. सिलिकॉनचे इम्प्लांट १९६२ मध्ये आले, सुरक्षिततेच्या शंकांमुळे अमेरिकेनं १९९२ मध्ये त्यांच्यावर निर्बंध आणले, २००६ मध्ये अटींसह परत मान्यता दिली. २०१० मध्ये फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीनं वैद्यकीय दर्जाचं नसलेलं, औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं उघड झालं आणि जगभरातल्या लाखो बायका धास्तावल्या. २०१९ मध्ये खरखरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा (रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरचा) संबंध असल्यामुळे अ‍ॅलरगन कंपनीची ती उत्पादनं जगभरातून परत मागवली गेली. हा आजार दुर्मीळ आहे, वेळेत सापडला तर इम्प्लांट आणि भोवतालचं आवरण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात, हेही तितक्याच ठळकपणे सांगितलं पाहिजे. २०२१ पासून अमेरिकेत स्तनाच्या सगळ्याच इम्प्लांटवर चौकटीतला इशारा बंधनकारक आहे, आणि शस्त्रक्रियेआधी रुग्णासोबत मुद्द्यांची यादी वाचून सही घ्यावी लागते. सिलिकॉनचा इम्प्लांट असेल तर पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, अशी तिथल्या औषध प्रशासनाची शिफारस आहे, कारण पिशवी आतल्या आत फाटली तर बाहेरून काहीच कळत नाही. पस्तिशीत कॅन्सर झालेल्या बाईला पुढची चाळीस-पन्नास वर्षं जगायची आहेत. तिच्या बाबतीत दोन वर्षांचा निकाल ही जेमतेम सुरुवात झाली. तिच्याजवळ इम्प्लांटचं कार्ड, कंपनी, प्रकार आणि क्रमांकासह, असलंच पाहिजे, आणि तीच माहिती नोंदवहीतही. उत्पादन परत मागवलं जातं तेव्हा ज्यांची नोंद नाही त्यांना कुणी शोधत येत नाही.

आता तिसऱ्या वाटेबद्दल. पुनर्रचना करायचीच नाही, छाती सपाट ठेवायची, ही पूर्ण आणि बरोबरीची निवड आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेनं २०२० मध्ये आपल्या शब्दकोशात सौंदर्यदृष्टीनं केलेल्या सपाट टाक्यांची व्याख्या घातली: जास्तीची कातडी आणि चरबी काढून छातीची भिंत गुळगुळीत, सपाट करणं. हे कौशल्याचं काम आहे. काखेखाली लोंबणारी घडी राहू न देणं, मधे खळगा पडू न देणं, यासाठी आखणी लागते. 'हिला काही करायचं नाही' म्हणून कसंतरी शिवून टाकण्याशी त्याचा संबंध नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सपाट छाती निवडलेल्या ९३१ बायकांना विचारलं होतं. सुमारे चौघींपैकी तिघी समाधानी होत्या. पण २२ टक्के जणींना डॉक्टरांकडून ठळक विरोध झाला होता: पर्याय सांगितलाच नाही, किंवा मन वळवण्याचा प्रयत्न केला, किंवा सांगूनही 'पुढे मन बदललं तर' म्हणून कातडी मुद्दाम शिल्लक ठेवली. उत्तर देणाऱ्या बहुतेक जणी याच विषयावरच्या ऑनलाइन गटांतल्या होत्या, त्यामुळे हे आकडे सगळ्यांना सरसकट लावता येत नाहीत. तरी झोपेतून उठल्यावर आपण स्पष्ट नाकारलेली कातडीची घडी छातीवर सापडणं, ही एकीच्या बाबतीत घडली तरी गंभीर गोष्ट आहे.

आणि आपल्याला पुढे कसं वाटेल याचा अंदाज माणसाला नीट येत नाही. अमेरिकेत क्लारा ली आणि सहकाऱ्यांनी मॅस्टेक्टॉमीआधी बायकांना विचारलं, वर्षभरानं तुम्हाला कसं वाटेल? मग वर्षभरानं पुन्हा विचारलं. पुनर्रचना न केलेल्या बायका अपेक्षेपेक्षा बऱ्या होत्या. आपण कोलमडू असं त्यांना वाटलं होतं, तसं झालं नव्हतं. पुनर्रचना केलेल्यांची निराशा झाली होती. जेवढं समाधान मिळेल असं वाटलं होतं तेवढं मिळालं नव्हतं. मला हा अभ्यास या सगळ्या वादाच्या मुळाशी नेणारा वाटतो. निर्णयाच्या क्षणी बाई दोन काल्पनिक आयुष्यांची तुलना करत असते, एक वाजवीपेक्षा काळं रंगवलेलं, दुसरं वाजवीपेक्षा उजळ. ही चित्रं जागेवर आणायची तर त्या वाटांवरून आधी गेलेल्या बायकांचे अनुभव तिच्यापर्यंत पोचायला हवेत, आणि सर्जनच्या निवडक फोटोंचा आल्बम त्यासाठी पुरत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की नुकतंच निदान झालेल्या बाईला आधीच भीतीनं घेरलेलं असतं, तिच्यावर टक्केवारी कशाला आदळायची? हा आक्षेप मनापासून घेतला जातो हे मला माहीत आहे. पण भीती आणि माहिती यांचं नातं आपण समजतो तसं नसतं. क्लारा ली आणि सहकाऱ्यांच्याच २०१७ मधल्या अभ्यासात, पुरेशी माहिती असलेला आणि स्वतःच्या इच्छेशी जुळणारा निर्णय घेतलेल्या बायका निम्म्याहूनही कमी निघाल्या. सगळ्यात कमी माहिती होती ती गुंतागुंतीबद्दल. न सांगितल्यानं त्यांची भीती टळली नाही. ती पुढे ढकलली गेली, आणि ताप येऊन, टाक्यांतून पू दिसून, रात्री अकरा वाजता आकस्मिक विभागात बसल्यावर एकदम समोर आली. तेव्हा बाईला पहिलं वाटतं की माझंच काहीतरी चुकलं. तिघींत एकीला असं होतं हे आधी सांगितलेलं असतं तर निदान तो अपराधीपणा तरी वाचला असता. सांगण्याची रीत मात्र हवी. एका बैठकीत सगळं ओतायचं नाही, लिहून द्यायचं, दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारायचं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा विचाराला काही दिवस मिळू शकतात. पुनर्रचना नंतर, कधीकधी काही वर्षांनीही करता येते, हे तर सगळ्यांत आधी सांगायला हवं. तेवढ्यानंच निर्णयावरचा निम्मा दाब उतरतो.

सर्जनचा आक्षेप वेगळा असतो आणि त्यात तथ्य आहे. निकाल जाहीर करायला लागले तर अवघड रुग्ण घ्यायला कुणी धजणार नाही. धूम्रपान, मधुमेह, जास्त वजन यांमुळे गुंतागुंत वाढते; अशा बायकांना दारातूनच परत पाठवलं जाईल. ही भीती खरी आहे, म्हणून आकडे रुग्णांच्या धोक्यानुसार जुळवून मांडावे लागतात, एका सर्जनच्या नावापुढे नुसती टक्केवारी चिकटवून चालत नाही. पण निकाल झाकून ठेवणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये २००८-०९ मध्ये मॅस्टेक्टॉमी झालेल्या बायकांची देशभर पाहणी झाली. सुमारे २१ टक्के जणींची पुनर्रचना त्याच वेळी झाली होती आणि वेगवेगळ्या भागांत हे प्रमाण फारच वेगळं होतं, म्हणजे बाई कुठे राहते यावर तिला काय मिळतं ते ठरत होतं. त्या पाहणीत बायकांना तीन महिन्यांनी आणि अठरा महिन्यांनी प्रश्नावल्या पाठवल्या, अहवाल जाहीर केले. अवघड काम होतं, तरी झालं. मोठ्या रुग्णालयांनी निदान स्वतःपुरतं हे करायला कायद्याची वाट पाहायचं कारण नाही.

फक्त विचारणारा माणूस सर्जन नसावा. ज्यांनी कॅन्सर काढला, जीव वाचवला, त्यांच्या समोर बसून 'मला हा आकार आवडत नाही' असं म्हणणारी बाई विरळा. ती म्हणते, "छान आहे, डॉक्टर," आणि घरी जाऊन बाथरूमचा दिवा बंद करून कपडे बदलते. प्रश्नावली घरी, निवांतपणे, फोनवर किंवा कागदावर भरता यायला हवी, आणि नाव सर्जनपर्यंत पोचणार नाही याची खात्री तिला हवी. उत्तर न पाठवणाऱ्यांना तर जास्त चिकाटीनं विचारायला हवं. ज्यांचा इम्प्लांट निघाला, ज्या वैतागून दुसऱ्या रुग्णालयात गेल्या, ज्यांनी तपासणीलाच येणं सोडलं, त्या सगळ्या याच उत्तर न देणाऱ्यांत असण्याची शक्यता जास्त. त्यांच्यापर्यंत न पोचता काढलेल्या सरासरीवर विसंबून पुढच्या बाईला सल्ला द्यायला मी तरी तयार होणार नाही.